सेल्मिराला मठाने नाकारलं

आमच्या विरासोरो गावात सेल्मिरा नन होणार, हे ती शाळेत जायला लागली तेव्हापासून ठरलेलं होतं. दुपारी जेवून सगळं गाव झोपलं की ही देवळात जाऊन मागच्या बाकावर बसायची. बडबड नाही, खोड्या नाहीत. मी तिची मद्रीना, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरलेली. फादर तिचं कौतुक करायचे तेव्हा माझीच मान ताठ व्हायची. तिची आई होविता घराच्या पुढल्या खोलीत बायकांचे केस कापते. मागे पाच मुलगे, म्हातारी सासू, दोन भाडेकरू आणि दिवसभर बोंबलणारा रेडिओ. त्या गोंगाटात असं शांत लेकरू म्हणजे देवानेच बाजूला काढून ठेवलेलं, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी, चोविसावं वर्ष उलटल्यावर, तिने बंद मठात अर्ज केला. बंद मठ म्हणजे आत गेलेली बाई पुन्हा बाहेर येत नाही. भेटायचं ते जाळीआडून. आणि तिथल्या मदरनी सगळ्यांत आधी काय सांगावं? मानसशास्त्राच्या बाईंकडून तपासणी करून घ्या. त्या बाई चित्रं काढायला लावतात, प्रश्न विचारतात आणि माणसाचा स्वभाव कोणत्या कामाला बसतो ते सांगतात.

मी होविताला म्हटलं, "अगं, ही तपासणी येर्बाची पानं दळायच्या गिरणीत माणसं घेताना करतात. हिला देवाने बोलावलंय."

"गिरणीवाले पगार तरी देतात, कोमाद्रे," होविता कात्री न थांबवता म्हणाली. लेकीची मद्रीना म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते. तिला पोरीने मठात जायला नकोच होतं; घरात काम करणारे हात कमी होणार होते.

तपासणी झाली आणि निकाल ऐकायला सेल्मिरा आणि मी मठात गेलो. आतून बायकांच्या खिदळण्याचा आवाज येत होता. बंद मठात हसतात, हेच मला नवीन होतं. मग जाळीआड मदर येऊन बसल्या. त्यांनी आधी आमच्या पिशवीतल्या चिपांची, चीजच्या छोट्या पावांची, चौकशी केली. ताजे आहेत म्हटल्यावर खूश झाल्या. मग सरळ म्हणाल्या, "पोरी, तुला आम्हाला घेता येणार नाही."

सेल्मिराने मान खाली घातली. मीच बोलले, "मदर, हिच्यासारखी शांत मुलगी अख्ख्या प्रांतात नाही मिळायची. ही कुणाशी बोलतसुद्धा नाही."

"तेच तर. तुम्हाला वाटतं इथे एकांत असतो? बाई, इथे आम्ही सोळाजणी आहोत. जेवायला त्याच, प्रार्थनेला त्याच, आजारपणात त्याच. एक रात्रभर घोरते, एक गाताना सूर सोडते, आणि मला ऐकू कमी येतं म्हणून सगळ्या ओरडतात. हे मरेपर्यंत. जिला माणसं लागतात तीच इथे टिकते." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुला घर काढायला सांगितलं तेव्हा तू एकच खोली काढलीस आणि आत फक्त स्वतःला. घरात आणखी कोण आहे विचारल्यावर काय म्हणालीस?"

"कुणी नाही, म्हणून तर घर," सेल्मिरा हळूच म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी तिचा हात धरून बसले होते, रडेल म्हणून. ती रडली नाही.

"मद्रीना, मला आतून लावता येणारं एक दार हवं होतं. आमच्याकडे न्हाणीघरालासुद्धा पडदा आहे."

"आणि देव? तू लहानपणापासून देवळात जाऊन बसायचीस ते?"

"तिथे पंखा होता आणि माणसं नव्हती. देव होता, पण तो बोलायचा नाही. म्हणून मला आवडायचा."

खिडकीबाहेर पाइनची झाडं पळत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं गाव ज्याला देवाचं पाचारण म्हणत होतं ते हे.

त्या मानसशास्त्राच्या बाईंनीच पुढचं सुचवलं: एकटीने करायचं, दूरवर बघत राहायचं काम शोध. पाइनच्या लागवडीत वणवा कुठे लागतो ते बघायला उंच मनोरे आहेत. वर एक काचेची खोली आणि दिवसभर एकच माणूस. पुरुष तिथे एक उन्हाळाही काढत नाहीत. वेड लागायची पाळी येते म्हणतात. सेल्मिरा गेली. होविता म्हणाली, "माझ्या पोटी माकड जन्मलं."

काल मी तिच्या मनोऱ्यावर चढले. हातात जपमाळ, ओठांवर आमच्या इतातीच्या देवमातेचं नाव. वर पोचते तो ही वायरलेसवर दुसऱ्या मनोऱ्यातल्या माणसाशी बोलत होती. चक्क थट्टा करत होती. "चष्मा पूस रे बाबा, तो धूर नाही, ढग आहे." हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"इथून बोलायला बरं वाटतं," ती म्हणाली. "बटण सोडलं की माणूस जातो."

मी तुंब्यात येर्बा भरून, वर गरम पाणी ओतून तिला प्यायला दिला. विचारलं, "प्रार्थना करतेस ना?"

"आधी करायचे. आता मागायला काही सुचत नाही."

असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं, तेही इतक्या साध्या चेहऱ्याने. म्हटलं, "निदान आभार तरी मान देवाचे."

"ते तू मान माझ्या वतीने. तुला छान जमतं." मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रागावू नकोस, पण आता तू खाली जा. तू असलीस की मी तुझ्याकडे बघते, आणि मला तिकडे बघायचं असतं."

ज्या पोरीने आयुष्यात कुणाला 'सरक' म्हटलं नव्हतं, तिने मला, तिच्या मद्रीनाला, जायला सांगितलं. मी उतरले. उद्या होविता विचारेल, कशी आहे पोर? सुखात आहे, असंच सांगावं लागेल, आणि नेमकं तेच अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.