आजोबांच्या हातावरचं गोंदण

नांदेडहून हदगावची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर आजोबांचा फ्रेम केलेला फोटो होता. शेजारच्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "लई गोरे हायेत. कोन्त्या गावचे?"

"पोलंडचे."

"देगलूरकडं हाय का ते?"

हो म्हणून मोकळी झाले. आजोबांनीही तेच केलं असतं. नाझींच्या छळछावणीत त्यांचे आईवडील आणि बहिणी मारल्या गेल्या. कोवळ्या वयातले आजोबा तेवढे वाचले. बहात्तरच्या दुष्काळात एका परदेशी मदतसंस्थेची बोअरची मशीन घेऊन ते मराठवाड्यात आले, नांदेडच्या आजीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. छावणीत हातावर गोंदलेला आकडा मात्र त्यांनी जन्मभर लपवला. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी तो आकडा पाहिला थेट त्यांच्या शेवटच्या आजारपणात.

त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून हदगावपुढच्या एका बौद्ध वस्तीने मला बोलावलं होतं. गावच्या विहिरीवर तेव्हा या लोकांना पाणी भरू देत नसत. आजोबांनी गावकऱ्यांशी भांडून बोअर वस्तीतच घेतला, आणि पाणी लागलं.

फाट्यावर उत्तमकाका न्यायला आले. पन्नाशीचे, हसरे. वस्तीत पोचेपर्यंत माझी एक चप्पल चिखलाने गिळली होती. पाय धुवायला त्यांनी मला हापशावर (हातपंपावर) नेलं, बाह्या सारल्या आणि दांडा धरला.

त्यांच्या डाव्या हातावर आजोबांचा आकडा होता. तोच. एक अंक इकडचा तिकडे नाही.

"हे कुणी केलं?" माझा आवाज चढला.

त्यांची आई दारातूनच म्हणाली, "म्या. पाणी लागलं त्याच साली ह्यो झाला. पाणी लागलं तवा हात धुताना सायबाची बाही वर गेली, तवा पाह्यलं होतं, त्याईचं काही चांगलं असंल म्हणलं. मास्तरानं तवाच पाटीवर उतरून घेतलं होतं, तेच बाजारात गोंदून घेतलं."

माझा तोल सुटला. सगळं सांगून टाकलं. छावणीत माणसाचं नाव काढून घ्यायचे आणि गुरांना डाग द्यावा तसा हा आकडा द्यायचे. याच आकड्याने हाक, याच आकड्याने मार. म्हातारीने तोंडावर पदर घेतला. उत्तमकाका हाताकडे बघत राहिले.

"आजोबांनी हे पाहिलं होतं?"

"हाव," म्हातारी म्हणाली. "ह्यो रांगत होता. हात धरून लई रडले. मला वाटलं, आनंदानं. मंग नाव इचारलं. उत्तम म्हणलं, तर किती येळ तेच म्हणत बसले. तवापासून दर साली येयाचे. बाही वर करून हात पाहायचे, जेवायचे, जायाचे."

"आता काढून टाका, काका. दवाखान्यात निघतं हे."

उत्तमकाकांनी बाही खाली केली नाही. "त्याईनं काढ म्हणलं न्हाई, ताई."

परतीच्या एसटीत मी फोटो पुन्हा मांडीवर घेतला. दर वर्षी आजोबा 'बोअर बघून येतो' म्हणून घरून निघत आणि आम्ही हसायचो, लोखंडाच्या पाइपात एवढा काय जीव अडकलाय म्हणून. तो आकडा असलेला एक हात भाकरी मोडताना, पाटीवर लिहिताना, कुणाचा मार न खाता मोठा होताना त्यांना बघायचा होता.