नांगरलेल्या जहाजावरचा चिनी पोळा

पहाटे शेजारच्यांचा पाण्याचा पंप सुरू होतो आणि मला जाग येते, पण पुरती येत नाही. आता उठायचं, असं मी स्वतःला बजावते, एक पाय पांघरुणाबाहेर काढते आणि तो तसाच बाहेर ठेवून पुन्हा झोपेत उतरते. पंपाची घरघर चालूच असते. ती हळूहळू भिंतीतून यायला लागते, मग पलंगाखालून, मग माझ्याच छातीतून. तेवढ्यात वास येतो. गरम तेलात पडलेल्या बारीक चिरलेल्या आल्याचा.

मी स्वयंपाकघरात आहे. ओट्यापाशी हे उभे आहेत, माझ्याकडे पाठ करून.

हे म्हणजे माझे यजमान, विश्राम मयेकर. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. ते गेलेले आहेत हे मला स्वप्नातही पक्कं ठाऊक आहे, आणि तरी मी घाबरत नाही. उलट मनात येतं, बरं झालं, काल अंडी आणून ठेवली.

ते एका वाडग्यात अंडी फोडताहेत. एका हाताने, कडेवर हलकेच आपटून. मग दोन काड्यांनी ढवळतात. फेस येईल इतकं नाही, पिवळं आणि पांढरं अजून वेगळं दिसेल इतकंच. ही ढवळण्याची रीत त्यांना चेन नावाच्या एका चिनी माणसाने शिकवली होती. हे मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते, आणि चेन त्यांच्या पहिल्या जहाजावरचा मोठा स्वयंपाकी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चेन हातावर चापटी मारून चुका दाखवायचा. त्याच्याकडून हे जे शिकून आले त्याला आमच्या रत्नागिरीच्या घरात चिनी पोळा हे नाव पडलं. अंड्यात पातीचा कांदा, कोबी, मोड आलेले मूग, सोललेली कोलंबी. तेल सढळ हाताने. कडा फुगून जाळीदार झाल्या की एका झटक्यात उलटायचा, आणि वरून सोया सॉसचा दाट रस्सा.

बोटीवरून हे घरी आले की दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तोच. त्या सकाळी मला ओट्याला हात लावायची बंदी. मी स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि त्यांनी बोलत बोलत पोळे काढायचे. मुलगी दीप्ती लहान असताना वासानेच उठून यायची. माझ्यासाठी हे घरी आल्याची खरी खूण तीच होती. विमानतळ नाही, बॅगा नाहीत, कढईतला तो आवाज.

आत्ताही मी स्टुलावर आहे. हातात चहा आहे. पाठीकडे बघतेय. पांढरा बनियन, मानेवर वाढलेले केस.

"अहो," मी म्हणते, "इकडे बघा ना."

"पोळा उलटला की बघतो," हे म्हणतात.

आवाज त्यांचाच. मी चहाचा घोट घेते. चहा गार आहे, आणि खारट.

मला त्यांचा चेहरा का बघायचा आहे ते सांगायला हवं. शेवटच्या फेरीत त्यांचं जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं आणि मालकांनी फोन उचलणं बंद केलं. ना माल उतरवायचा, ना पुढे जायचं. बंदरातून होडीने तांदूळ आणि पाणी यायचं, कधी यायचं नाही. एकेक करून बाकीचे सुटले. पण जहाज रिकामं सोडता येत नाही, कुणीतरी राहायलाच हवं, असा तिथला कायदा. अखेरीस हे आणि एक म्हातारा इंजिनवाला असे दोघेच उरले. वर्षभर. फोन लागला की हे सांगायचे, इथून किनारा इतका जवळ आहे गो, की एक बाई रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालते ती दिसते. अंडी संपली तेव्हा त्यांनी नुसत्या पिठाचा चिनी पोळा केला आणि इंजिनवाल्याने तो गुपचूप खाल्ला, तेही हसत हसत सांगितलं. एका सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं.

पेटी आली ती बंद. उघडू नका, असं विमानतळावरच सांगितलेलं. स्मशानात पुरुष गेले, त्यांनी तिथे काय पाहिलं ते मला कुणी सांगितलं नाही. दीर एवढंच म्हणाले की वहिनी, आठवणीत आहे तोच चेहरा राहू दे. पण माझ्या आठवणीत आहे तो मोबाइलवरचा चेहरा. तोंड अर्धवट उघडं, नेटवर्क गेल्यामुळे थांबून राहिलेला.

"झाला का?" मी विचारते.

"होतोय."

होत नाही. मी उठून त्यांच्या खांद्यावरून डोकावते. कढईत अंडं ओलंच आहे, मध्यभागी थरथरतंय. हे आणखी एक अंडं फोडतात, आणखी एक. ट्रे शेजारीच आहे आणि त्यातलं एकही कमी होत नाही. गॅस मोठा करायला मी हात पुढे करते, तर बटण नाही. तिथे लोखंडी पट्टी आहे. कढई सरकू नये म्हणून ओट्याला चारी बाजूंनी पट्ट्या लावल्या आहेत. जमीन जराशी कलते आणि परत येते.

ओट्यावरची खिडकी गोल आहे. तिच्यावर जाड काच, चार बोल्ट. बाहेर पाणी, शिळ्या ताकासारखं करडं, न हलणारं. पलीकडे किनारा. एक गच्ची. गच्चीवर कपडे वाळताहेत, आणि त्यातली निळ्या काठाची चादर माझी आहे. ती गच्चीही आमचीच आहे. दोरीपाशी कुणी नाही.

मला एकदम गुदमरायला होतं. मी म्हणते, मी जरा बाहेर जाऊन येते. हे म्हणतात, जा की. मी दारातून बाहेर पडते आणि स्वयंपाकघरात येते. तोच ओटा, तीच पाठ, स्टुलावर माझाच कप. मी पुन्हा दारातून जाते. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेल्यावर खोली मघापेक्षा लहान आहे. फ्रीज आणि ओटा यांच्यामध्ये मला अंग चोरून उभं राहावं लागतं.

मग ते विमानतळाचं गोदाम आहे. पत्र्याचं उंच छप्पर, खाली काट्यावर खोकी चढताहेत. मी बाकावर बसले आहे. काउंटरमागे गणवेशातला माणूस आहे, आणि त्याच्याही मागे, भिंतीकडे तोंड करून, हे कढईपाशी. मी त्या माणसाला सांगते की ते माझे यजमान आहेत, त्यांना फक्त एकदा वळायला सांगा. तो म्हणतो बसा बाई, नाव पुकारतील. मी बसते. तो अनेकांची नावं पुकारतो. लोक येतात, आपापल्या पेट्या घेऊन जातात. एक पेटी उघडीच आहे, तिच्यात कोबी भरलेले आहेत. माझं नाव येत नाही. बाकावर माझ्या शेजारी दीप्ती येऊन बसते. तिला आठवा महिना आहे. खऱ्या आयुष्यातही आहे. ती नाशिकला असते. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलंय, म्हणून ती महिनाभर मला बोलावतेय आणि मी रोज म्हणतेय, येते ग, येते. घर बंद करून जायचं म्हटलं की माझा हात कुलपापर्यंत जातो आणि थांबतो. बोटीवरून हे नेहमी सकाळचेच यायचे. दार उघडायला कुणी नको का?

"आई, किती वेळ?" दीप्ती विचारते.

"बाबांचा पोळा झाला की निघू," मी सांगते.

ती खूप दमलेली दिसते. मी तिच्यासाठी पाणी आणायला उठते आणि मला पुढे जाता येत नाही, कारण फ्रीज आहे, ओटा आहे, आणि मधल्या फटीत मी आहे.

पुन्हा तीच खोली. आता छप्पर इतकं खाली आलंय की हे मान वाकवून उभे आहेत. धूर कोंडलाय. घरघर थेट पायाखाली आहे. माझा आवाज चढतो. मी त्यांना सांगते की पुरे झालं, गॅस बंद करा, आपण घरी जाऊ, होडी मागवू, मी पोहत नेते तुम्हाला, मला पोहता येत नसलं तरी नेते. हे ऐकून घेतात. त्यांची पाठ हलते, हसल्यासारखी.

"माझा हात दुखतोय," ते म्हणतात. "तू उलट."

मी आजवर तो पोळा कधी उलटलेला नाही. दीप्तीने एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा अर्धा शेगडीवर पडला होता. ते बाजूला सरकतात, तरी तोंड भिंतीकडेच. कालथा माझ्या हातात देतात. त्याची मूठ गरम आहे. कढईत बघते तर अंडं धरलंय. कधी धरलं कळलंच नाही. कडा फुगून सोनेरी झाल्यात, कोलंबीची शेपटं गुलाबी दिसताहेत. मी कालथा खाली सारते. चिकटलेला आहे. हळूहळू चारी बाजूंनी सोडवते. घाम डोळ्यांत उतरतो. जमीन कलते, आणि ती परत यायच्या आत मी मनगट फिरवते.

पोळा उलटून कढईत पडतो. अख्खा.

घरघर थांबते. इतकं शांत होतं की तेलाचा एकेक बुडबुडा ऐकू येतो.

हे वळतात.

चेहरा साधा आहे. मी काय काय कल्पना करून ठेवली होती, त्यातलं काही नाही. दाढी केलेली, डाव्या गालावर ब्लेडचा लहानसा ओरखडा. डोळ्यांखाली जागरण. थोडे बारीक झालेत. मी बघत राहते. ते बघू देतात, घाई करत नाहीत. हातात स्टीलची वाटी आहे, तिच्यात रश्श्यासाठी कॉर्नफ्लोअर पाण्यात बोटांनीच कालवताहेत, चमचा घेत नाहीत. त्यावरून मी नेहमी टोकायचे. आत्ताही ओठांवर येतं आणि मी ते गिळते.

"छान उलटलास," ते म्हणतात.

"चला आता," मी म्हणते. "खाऊन घ्या आणि चला."

ते नकारार्थी मान हलवतात. मग मला म्हणतात, आणि हे मला अगदी शब्दन् शब्द आठवतंय, कारण ते सावकाश बोलतात, फोनला आवाज पोचावा म्हणून बोलायचे तसे.

"जहाजावर कुणीतरी राहायला लागतं गो, शालन. तो मी आहे. तू नाहीस."

मी म्हणते की मग मी पण राहते. काय बिघडलं? अंडी संपत नाहीत, मी चिरून देईन, तुम्ही काढा. मी खरंच तसं म्हणते. त्या क्षणी मला तेच हवं असतं, त्या कोंडलेल्या खोलीतच. ते वाटी खाली ठेवतात. माझा उजवा हात धरतात, मनगटापाशी, घट्ट. त्यांची पकड अशीच होती. बंदरावरच्या गर्दीत दीप्तीला धरायचे तशी. आणि मला ओढत नाहीत, ढकलतात. दाराकडे. दार मघाचंच आहे, पण पलीकडे स्वयंपाकघर दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. पोळा गार होतोय, असं मी म्हणतेय. मला एक घास तरी, असं म्हणतेय. ते हात सोडत नाहीत. मग सोडतात.

पंप बंद झालेला आहे. एक पाय पांघरुणाबाहेर आहे आणि गारठलाय. खिडकीत सकाळ झालीये, शेजारी कुणीतरी भांडी घासतंय. मी छताकडे बघत पडून राहते. रडू येईल असं वाटतं, पण येत नाही. श्वास मात्र मोकळा येतोय, एवढा की मला त्याचीच शरम वाटते.

केस बांधायला हात वर नेते तेव्हा दिसतं. उजव्या मनगटावर पांढरं काहीतरी वाळलंय. चार पट्टे एका बाजूला, अंगठ्याएवढा एक ठिपका दुसऱ्या बाजूला. नखाने जरासं खरवडते तर पापुद्रा सुटतो. बोटांत चोळला की पिठासारखा करकरतो. घरात कॉर्नफ्लोअर नाही. हे असताना होतं ते किडे लागून केव्हाच टाकून दिलं.

मी बराच वेळ मनगट उजेडात धरून बसते. मग उठते. तोंड धुताना तो हात नळापासून लांब ठेवते. स्टूल ओढून त्यावर चढते आणि नाशिकला न्यायला माळ्यावरची बॅग डाव्या हाताने खाली काढते. एका हाताने तिची चेन उघडायला वेळ लागतो.