डाव्या हाताचं स्टेशन

मालतीआत्यावर अन्याय झाला तो ती गेल्यानंतर, तिच्याच शोकसभेत, गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी, आपल्या वाचनालयाच्या सभागृहात. अध्यक्ष म्हणाले, "यजमानांनी घडवलेली ती चिमुकली रेल्वे मालतीबाईंनी पोटच्या लेकरासारखी जपली." आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी ताडकन उठले, तर मागून कुणीतरी ओढणी खेचली, "बस गो खाली, ही काय मोर्चाची जागा?" मी बसले नाही, पण माझं कुणी ऐकूनही घेतलं नाही. आता ती रेल्वे वाचनालयात कायमची मांडणार आहेत आणि तिच्याखाली पितळी पाटी लागणार आहे, काकांच्या नावाची. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, मुंबईला रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. देवमाणूस. पण रुळांशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. रूळ माहीत होते ते आत्याला. रेल्वेच्याच नकाशाखात्यात ती ट्रेसर होती. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले आराखडे निळसर कापडावर शाईने उतरवायचे, हे तिचं काम. त्यातही सांधे तिच्या विशेष लाडके. एका रुळाचे दोन रूळ होतात ती जागा म्हणजे सांधा. तिथे दोन पोलादी जिभा असतात, त्या सरकल्या की गाडी वाट बदलते. असे सांधे तिने उमेदीची सगळी वर्षं कापडावर वळवले आणि निवृत्त होऊन रत्नागिरीला आली. जिथे रेल्वे येणार असं पुढारी दर निवडणुकीला सांगतात आणि हे १९८६ उजाडलं तरी अजून एक रूळ पडलेला नाही. तुम्हीआम्ही त्यावर उसासे टाकतो, मी पत्रकं वाटते. आत्याने कानस उचलली.

रूळ कशाचे, तर छत्रीच्या काड्यांचे. पावसाळा सरला की आमची अख्खी आळी मोडक्या छत्र्या तिच्या पडवीत आणून टाकायची. रुळांखालचे आडवे स्लीपर आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या चिरून केलेले. जिभांसाठी पितळेच्या पट्ट्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलर दुरुस्तीवाल्यांकडून, तिथेही ही घासाघीस करायची. जीभ टोकाला इतकी पातळ घासायची, की रुळाला टेकली की नखाला फट लागू नये. मग कथलाचा डाक देऊन जोडायची आणि पुन्हा घासायची. आणि परीक्षा तिची तिनेच ठरवलेली. पूजेत गणपती म्हणून मांडतात ती सुपारी डब्याच्या टपावर उभी करायची, किल्लीच्या इंजिनाने गाडी सांध्यावरून न्यायची. सुपारी आडवी झाली, की सांधा उखडून पुन्हा कानशीखाली. "बाप्पा पडले तर माणसं काय बसणार गाडीत?" असं म्हणून ती चष्मा कपाळावर सारायची. हौस नव्हे हो ही... कसब होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. कुणी "वेळ छान जातो नाही तुमचा?" म्हणालं, तर ती सरळ म्हणायची, "वेळ जात नाही, सांधा होतो."

तिचा पहिला सांधा मात्र चुकला. आराखडा तिने घरी कापडावर उतरवला, फळीवर अंथरला आणि त्याबरहुकूम काड्या जोडल्या. कापड पारदर्शक. ते पालथं पडलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. उजवीकडे, खिडकीखालच्या रिकाम्या जागेत रत्नागिरी स्टेशन व्हायचं होतं. सांधा झाला डावा, आणि गाडी निघाली थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे. काका झोपाळ्यावरून हसून हसून लाल झाले. "मालती, तुझी गाडी आमटीत चालली!" ती म्हणाली, "जाऊ दे. सांधा उत्तम झालाय. स्टेशनच तिकडे नेऊ." आणि नेलं. उजवीकडची जागा आजही त्या फळीवर मोकळी आहे. अध्यक्षमहाराज, कापड पालथं घालण्याची ही चूक फक्त ट्रेसरच करू शकतो. तिकीट विकणाऱ्याच्या हातून ती होणारच नाही.

मग एका गणपतीत आळीच्या मंडळाने ती रेल्वे देखाव्यात मांडली. गावी आलेले चाकरमानी एसटीतून आंबलेलं अंग घेऊन रांगेत उभे. त्यातला एक ओरडला, "आजी, दादरचं तिकीट केवढ्याला?" आत्याने मान वर केली नाही. "तिकिटाचं ह्यांना विचार, रुळांचं मला." काकांनी लगेच छातीवर हात ठेवला, "बरोबर आहे. मी फक्त खिडकीवर." मांडव हसला. त्या मांडवात आजचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. हसलेही होते.

काका गेल्यावरही तिने सांधे केले. शेवटची भेटले तेव्हा कानस हातातच होती. बोटं थरथरत होती म्हणून मनगट फळीला टेकवून घासत होती. मी नवं पत्रक दाखवलं. तिने वाचलं, म्हणाली, "मागणी बरी आहे. पण खाली नाव का नाही तुझं? केलंस ना तू? मग लिही की." आता तेच वाक्य मला तिच्यासाठी म्हणावं लागतंय...

तिची सुपारी माझ्याकडे आहे, एका बाजूने झिजून सपाट झालेली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही होतात, म्हणून तुम्हालाच सांगते. येत्या रविवारी, पाटी ठोकायच्या आधी, वाचनालयात या. सुपारी मी देते. ती डब्यावर उभी करा, इंजिनाला किल्ली द्या, गाडी सांध्यावरून डावीकडे जाऊ द्या. सुपारी पडणार नाही. मग वळा आणि अध्यक्षांना तोंडावर विचारा, हा सांधा कुणी केला? आणि पाटीवर 'मालती' हे नाव येईपर्यंत खुर्चीत बसू नका.