काहिलीवरून गेलेल्या सासूबाई

लिही गं इम्के, आणि मध्ये मध्ये हसू नकोस, अक्षर बिघडतं.

तुझी पणजी मेट्टा, म्हणजे माझी सासू, दोनदा मेली. दुसऱ्यांदा मेली ते सगळ्यांसारखंच. पहिल्यांदा मेली तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, तब्येतीने ठणठणीत, आणि मी अजून तिची सून झाले नव्हते.

बाई वाळक्या काडीसारखी, पण शब्दाला पक्की. बागेतलं एकेक झाड ओळखायची. सफरचंदाचा गर करायचा तर बोस्कोप जातीचाच, फळ आंबटच हवं, आणि सालीसकट शिजवायचं. "साल चाळणीत राहते, चव खाली उतरते," म्हणायची. साखर घालणारा माणूस तिच्या लेखी आळशी. तिचा एकच मुलगा, दीर्क, तुझा आजोबा. एकोणचाळिशीला आला होता. त्याला कुठलंही काम सांगा, उत्तर एकच, "उद्या." मला मागणी घालणार होता तोसुद्धा अकरा वर्षं उद्याच.

आता आपल्या गावात भांडण कशावरून, तर या गरावरून. बांधाच्या वरच्या अंगाचे साखर घालणारे, खालच्या अंगाचे न घालणारे. सुगीच्या जत्रेला जो तो आपापली बरणी घेऊन यायचा आणि दुसऱ्याच्या बरणीला नाक मुरडायचा. एका वर्षी चमच्यांनी मारामारी झाली. मग तीन वर्षं जत्राच नाही. शेवटी पाद्रीबुवा म्हणाले, सगळ्यांची सफरचंदं एकाच भांड्यात शिजवा, बाराच्या घंटेला चर्चपुढे आणा, सगळे त्यातूनच खातील. दीर्क उभा राहिला आणि भर चर्चमध्ये म्हणाला, "काहील आमची. मी आणतो." आयुष्यात पहिल्यांदा तो उद्या म्हणाला नाही. मी बाकावरून पडायचीच राहिले.

काहील तांब्याची, त्याच्या आजोबांच्या वेळची. स्वयंपाकघरातली चूल नेमकी पडली होती, म्हणून दीर्कने लोखंडी शेगडी पुढच्या खोलीत मांडली. काहील स्वयंपाकघराच्या दारातून आडवी, तिरकी करून आत नेली. रिकामी होती, गेली. तीन दिवस माय-लेक ढवळत होते. गर असा झाला की वास बांधापलीकडे.

जत्रेच्या दिवशी मी चर्चपुढे बटाट्याची धिरडी तळत होते. साडेअकरा झाले तरी दीर्क नाही. गेले बघायला. आत दीर्क, शेजारचा हार्म आणि पाच गडी काहिलीभोवती उभे.

"काय झालं?" मी विचारलं.

हार्म म्हणाला, "भरलेली काहील तिरकी होत नाही, टिबके. हे आमच्या आत्ता लक्षात आलं."

"मग बादल्यांनी काढा."

"चार बादल्या म्हणजे चार गर," दीर्क म्हणाला. "वरचे म्हणतील आमची बादली गोड होती. मी एकच भांडं म्हणालोय, सगळ्यांसमोर." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ही एक गोष्ट निभली नाही तर हा जन्मभर उद्यावरच राहणार, हे मलाही दिसत होतं.

तिथेच, चार पावलांवर, नवरीचं दार होतं. रुंद, कोरीव, दोन्ही फळ्यांचं. तुला माहीतच आहे, त्याला बाहेरून कडी नाही, आतूनच उघडतं. नवरी त्यातून आत येते, मढं त्यातून बाहेर जातं. बाकी कुणी नाही. मेट्टा त्या दाराला पाठ लावून उभी.

"आई, फक्त दहा मिनिटं," दीर्क म्हणाला.

"तुझे वडील यातून गेले. त्यांच्यामागून आता गर नेतोस?"

"गर जातोय बाहेर. बाहेर जायला चालतं ना?"

"मेलेल्याला चालतं. गर मेलाय का?"

हार्म काहिलीत वाकून बघून म्हणाला, "बुडबुडे येताहेत अजून."

मेट्टाने घड्याळाकडे पाहिलं, मग लेकाकडे. तो रडायच्या बेतात होता. "ठेवा झाकण," ती म्हणाली. लाकडी झाकण ठेवलं. ती शिडीवरून त्यावर चढली, पाय पोटाशी घेतले, हात छातीवर जोडले आणि डोळे मिटले. "मी मेले. उचला."

गडी एकमेकांकडे बघायला लागले. हार्मने टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या. मी कडी काढली.

पायरीवर मढं म्हणालं, "डावीकडून जपून, तिथे दगड हलतो."

"मेट्टाकाकू, मेलेल्यांनी बोलू नये," हार्म म्हणाला.

"मग जिवंतांनी नीट चालावं."

बाराची पहिली घंटा आणि आम्ही बरोबर पोचलो. पाद्रीबुवांनी सवयीने प्रार्थना सुरू केली, मग अडखळले. पण साखरेचं भांडण कुणी काढलंच नाही. मेट्टासाठी सुतक धरायचं की नाही, यावरून वरचे-खालचे असे जुंपले की काहील कधी रिकामी झाली कळलं नाही. मयताने स्वतः पाच धिरडी खाल्ली.

संध्याकाळी घरी आलो. दीर्क स्वयंपाकघराचं दार उघडून म्हणाला, "चल आई."

मेट्टा बाहेरच्या बाकावर बसली. "मी पुढच्या दाराने गेले. गेलेलं माणूस स्वयंपाकघरातून परत येतं का?"

"मग ते दार आतून उघडतो."

"आत येणाऱ्या कुणासाठी उघडतं ते?"

"नवरीसाठी," मेट्टाच म्हणाली. "तिच्यामागून मी येईन. मला घाई नाही. वारा मात्र झोंबतोय."

"आई, उद्या…"

"उद्यापर्यंत मी खरीच जाईन."

दीर्क माझ्याकडे वळला. माझ्या अंगाला तळणीचा वास, केसांत बटाट्याच्या साली. म्हणाला, "टिबके, तू येतेस का आत?" मागणी म्हणतात ती एवढीच.

पाद्रीबुवा म्हणाले, तीन रविवार चर्चमध्ये लग्न पुकारायला हवं, मयतासाठी नियम बदलत नाही. मग तीन आठवडे मेट्टा माझ्याकडे राहिली. मेलेली असल्यामुळे कामाला हात लावायची नाही, खुर्चीवरून सांगायची. "चार-चार फोडी कर. पाणी कमी. झाकण ठेव. ढवळू नकोस, आधी फुटू दे." गर मी तेव्हा शिकले.

चौथ्या शनिवारी दीर्कने आतून दार उघडलं. मी आत गेले आणि माझ्या मागून, झग्याचं टोक धरून, मेट्टा.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. शेवटचे दिवस आले तेव्हा दीर्क म्हणाला, "पुढचं दार उघडून ठेवतो, आई."

"नको. त्यातून एकदा गेलेय मी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातून ने. आता रिकामी आहे, तिरकी केली तर निघेन."

नेलं तसंच. जरा तिरकं करावं लागलं.