आईच्या तोंडचा नकार

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — त्याचाही मला संशयच येतो. मन हलकं करायला? मग तोही स्वार्थच.

वडील वारल्यावर, नव्वदच्या आसपास, मी आणि आई मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो. भीमजयंतीच्या स्टेजवर मी भाषणं ठोकायचो — कुणी कुणाचा मालक नाही, माणसानं स्वतःच्या बुद्धीनं जगावं. आई पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

मग ती दर रविवारी दुपारी बाहेर जायला लागली. इस्त्रीची साडी, नीट विंचरलेले केस. विचारलं तर, "जरा जाऊन येते." कुठं? कुणाकडे? मी तिची पिशवी उचकली. शेजारणीकडे आडून चौकशी केली. तिच्या चपला उलट्या करून माती पाहिली — हो, आईच्या चपला!

एका रविवारी मागोमाग गेलो. हाटकेशला ती रिक्षातून उतरली. कारखान्यांचे गाळे बंद, गल्ली रिकामी. तिथं साळवेकाका उभे होते. एका गाळ्यात लेथवर काम करायचे. बायको वारलेली, आमची विहारातली ओळख. आणि आई — सायकल शिकत होती. पन्नाशी उलटलेली माझी आई, पदर खोचून! काका कॅरिअर धरून मागं धावत होते आणि ती हसत होती. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? राग आला. लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण लोक काहीच म्हणत नव्हते. माझ्या परवानगीशिवाय ती सुखात होती — एवढंच खुपलं.

दुसऱ्या दिवशी काकांना गाठलं. "आईनंच निरोप दिलाय. यापुढं भेटू नका."

"त्या स्वतः म्हणाल्या?"

"हो."

ते बराच वेळ चिंधीनं हात पुसत राहिले. "मग विषय संपला. त्यांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही."

ते असंच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी खोटं बोललो. तिच्या मनाला मान देणारा तो एकच माणूस — आणि त्याचा तो मानच मी वापरला.

पुढच्या रविवारी आई हाटकेशला गेली, वाट बघून परत आली. नंतर विहारातही काका नुसता जय भीम करून निघून गेले. तेव्हा तिनं आपणहून मला सगळं सांगितलं. मग विचारलं, "काही चुकलं का रे माझं?"

"मला काय माहीत?" म्हणालो, आणि पेपर उघडला.

त्यानंतर कुठंही निघताना ती आधी मला विचारायला लागली — "जाऊ का?" आणि मी म्हणायचो, "जा की. मी कुठं अडवतोय?"

आई गेली, ती आपलंच काहीतरी चुकलं असं धरून. मी तिला कुठल्याही दिवशी खरं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.