चिल्फीच्या पलीकडचा तलाव

दुसरा तास चालू होता. उतईच्या शाळेत मी गणित शिकवते आणि वर्गात फोन उचलत नाही. त्या दिवशी तीनदा वाजला म्हणून व्हरांड्यात आले. पद्मनाभपूरला मामांच्या शेजारी राहणाऱ्या काकू होत्या. "बेटा, मामाजी उठ नहीं रहे... तुम आ जाओ." मी विचारलं, मामी कुठे आहे? "वहीं, अपने पलंग पर. वही तो आवाज़ दे रही थीं." मामीला चार वर्षांपूर्वी लकवा झाला, तिची उजवी बाजू गेली. दोघांचे पलंग एकमेकांना लागून. तिने हाका मारल्या असतील, डावा हात लांबवला असेल... तो हात पोचला की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मामांना जाऊन आता सव्वा महिना झाला.

मामा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. माझे आईबाप उतईला दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, म्हणून मामांनी मला प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आणलं. मागच्या पडवीत खाट टाकून मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, लाजत नाही. निकाल लागला तेव्हा मामा माझी मार्कशीट सगळ्यांना दाखवायला पाळीवर घेऊन गेले आणि ती काळ्या ग्रीसच्या बोटांनी भरून परत आली. मी रडायला लागले. मामा म्हणाले, "रडून कावून राहिली वो बीएस्सी? माह्या दोस्ताइच्या सह्या होय त्या." तेव्हापासून मी त्यांची बीएस्सी. नावाने त्यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही.

क्रेनवरच्या माणसाचा एक नियम असतो. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो नाही आला तर आपणच दुसरी पाळी करायची. निवृत्त झाल्यावर मामा हा नियम पद्मनाभपूरच्या घरी घेऊन आले. मामी आजारी पडल्यापासून ते तिच्या खोलीपासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते, तेही काकूंना आत बसवूनच. मात्र त्यांच्या मनात एक गोष्ट होती. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका मिस्त्रीचं गाव चिल्फी घाटाच्या पलीकडे होतं. तिथे डोंगरांच्या मधोमध एक तलाव आहे, पाणी असं की तळाचे गोटे मोजावे, असं तो मिस्त्री पाळीच्या चहाला बसला की सांगायचा. मामांना तिथे एकदा जायचं होतं. एकट्यानं, स्कूटरवर. "गाडीनं घेऊन जाते ना मी," असं मी म्हटलं की हसायचे. "तू येशील तं मंग इथं कोन राहीन?"

मामीजवळ राहायला तीनदा मी येते म्हटलं आणि तीनदा माझं काही ना काही निघालं. परीक्षा, निवडणुकीची ड्यूटी, एकदा तर नुसता कंटाळा. मामा एका शब्दाने बोलले नाहीत. गेल्या हिवाळ्यात अखेर मी रजा टाकली. तीन दिवसांची. मामांना मात्र मी दोनच सांगितले. तिसरा दिवस मला माझ्यासाठी हवा होता. केस धुवायचे, झोपायचं, कुणाचं काही करायचं नाही... यात काही पाप आहे असं तेव्हा वाटलं नाही.

निघायच्या सकाळी त्यांनी मला रीतसर चार्ज दिला. डोक्यावर हेल्मेट, पाय पलंगाशी जुळवलेले. "दर दोन घंट्यानं कूस बदलायची. चहात साखर अर्धा चम्मच, मांगतली तरी जास्त नाही. गोळी जेवनाच्या पयले..." मामी पडल्यापडल्या म्हणाली, "क्रेन देऊन राहिले का तिले?" मामा गंभीरपणे म्हणाले, "क्रेन बरी. थे तोंड चालवत नोती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या दोन वाजता चार्ज घेतो. पक्कं." दोन वाजता, म्हणजे दुसरी पाळी सुरू होते तेव्हा.

रस्ता मामांनी नंतर सांगितला: धमधा, कवर्धा, मग साल आणि सागाचं रान. कवर्ध्याजवळ सरोदाच्या धरणावर त्यांनी डबा खाल्ला. घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला, समोर कुणी नसलं तरी. रात्र चिल्फीला काढून पहाटे तलावाकडे निघाले. रस्ता कच्चा, स्कूटर दोनदा बंद पडली. त्याच दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना फाटकाशी स्कूटर थांबली. मी बाहेर गेले. मामा आपादमस्तक लाल धुळीत. हळूच म्हणाले, "तलाव नाही पाह्यला. एक टेकडी बाकी होती फक्त. घडी पाह्यली, साडेआठ वाजले होते. अजून समोर गेलो असतो तं दोन वाजता पोचलो नसतो. तिले सांगू नोको, तिनं लय आस लावली हाये." आणि आत जाऊन, हातपाय धुऊन, मामीच्या उशाशी उभे राहिले. "घेतला चार्ज."

माझा तिसरा दिवस माझ्या पर्समध्ये होता. तेव्हाही मी तो काढला नाही. आता काय उपयोग, असं मनाशी म्हणाले.

त्यानंतर मामा रोज दुपारी जेवण झालं की मामीला तो तलाव सांगायचे. मी गेले की मलाही ऐकावं लागे. कमळं, पलीकडे उतरणारे बगळे, पाण्यात उलटा दिसणारा डोंगर... मामी डोळे मिटून ऐकायची. मला तिथे बसवत नसे.

आता मी पद्मनाभपूरलाच राहते. शाळेत जाते तेव्हा काकू बसतात. परवा रविवार होता. दुपारी मामीची कूस बदलली आणि तशीच तिच्या पाठीमागे बसून मी बोलून टाकलं. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. "मामी, माझी रजा तीन दिवसांची होती. मी दोनच सांगितले. म्हणून मामांनी तलाव पाहिलाच नाही."

 मग ती म्हणाली, "मले माईत होतं."

"रजेचं?"

"तलावाचं. पानी दिसलं आन् थे आंघोळीले उतरले नाही, असं होते का? पिशवीतला टॉवेल जसा मी तुयाकून घडी करून घेतला होता, तसाच आला. कोराकोरा." जीभ जड आहे तिची, एकेक शब्द उचलून ठेवते. "मी म्हटलं, सांगून राहिले तं सांगू दे."

मी रडायला लागले. तिने थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दिवस होता, तं द्याचा होता वो पोरी त्यायले." रागाने नाही, पण म्हणाली. ते खरं आहे आणि ते आता तसंच राहणार.

मग डाव्या हाताने तिने मला पलंगाच्या पुढच्या बाजूला बोलावलं. "जेवन झालं ना? सांग आता."

"काय?"

"तलाव."

मी डोळे पुसले. काय सांगायचं सुचेना. म्हटलं, टेकडी उतरलं की समोर पाणी. काठाला एक मोठी चिंच...

"चिंच नाही," मामी डोळे मिटूनच म्हणाली. "करंज हाये. त्याच्या खाली सपाट दगड हाये, आन् थे तिथं बसले हायेत. समोर चाल."