पुस अन् परत कर

बन्सीधर मास्तरांच्या शाळेत गोजर ही एकटीच मुलगी. तिने पाटीवर काही काढले की मास्तर म्हणत, "पुस अन् परत कर." पोरे हसत, गोजर रडत बसे. शेवटी तिने आईला सांगून टाकले, "सोमवारपासून मी साळंत जायची न्हाई."

त्या शनिवारी मात्र शाळा सारवायची होती. निजामाच्या तसबिरीखाली पोरे शेणकाल्यात हात घालून बसली, तेव्हा सारवता येणारी गोजरच एक निघाली. मास्तरांनी कारभार तिच्याकडे सोपवला. पाटलांच्या आबासाहेबाने जमिनीवर शेणाच्या टेकड्या उभ्या केल्या होत्या.

"पुस अन् परत कर," गोजर म्हणाली.

आबासाहेबाने मुकाट्याने पुसले. ते पाहून मास्तरांनाही हुरूप आला. धोतर खोचून त्यांनी हातभर जागा सारवली. गोजर वाकून बघत राहिली, जरा घुटमळली.

"गुरुजी, लय गुठळ्या हायेत. पुसा अन् परत करा."

मास्तरांनी पुसले, परत केले. ते रडले नाहीत, हे गोजरने नीट बघून घेतले.

सोमवारी ती शाळेत आली. तिचा पाचाचा आकडा चुकला.

"पुस," मास्तर म्हणाले.

"परत करायलेय, गुरुजी," पाटी पुसता पुसता गोजर म्हणाली.